बावीस सालचं निशाण

आमच्या ह्यांच्या आठवणी सांगायला लोक येतात, आणि चहा उकळायचा तो मी. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी हुतुतू सोडला तेव्हा मला वाटलं, चला, आता घर आपलं झालं. कसलं काय! खेळत होते तोवर माणसं जत्रेपुरती यायची, खेळ सोडल्यावर रोज यायला लागली. कुणी रेवसहून, कुणी पेणकडून. बैलगाडीतून उतरली की आधी ह्यांच्या पायांकडे बघायची आणि मग तोंडाकडे. हे ओटीवर सुपारी कातरत बसलेले असायचे. मुळात बोलणं कमी. लोकांना तेही आवडायचं.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून लोक घेतात ते सांगते. ह्यांना येसाजी म्हणतात, गावातले येसादा. खाडीकाठच्या आमच्या आगरी गावात सगळेच मिठागरावर राबतात, तसे हेही राबत आले. पण मीठ ओढणारा येसाजी कुणाला ठाऊक नाही. ठाऊक आहे तो एका दमात चार-पाच गडी मारून परत येणारा. हुतुतूत श्वास एकदाच घ्यायचा, "हुतुतूतू" म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, शिवायचं आणि तोच श्वास संपायच्या आत मधली रेघ गाठायची. दम तुटला की गडी बाद. ह्यांचा दम तुटलेला कुणी पाहिला नव्हता.

मला त्या दमाचं कौतुक नव्हतं. मला एकच गोष्ट हवी होती आणि ती मी बारा वर्षं विचारली नव्हती. बावीस सालच्या चैत्रात, थळच्या जत्रेत हे देवीचं निशाण जिंकत होते, त्याच दिवशी इकडे आमचं पहिलं मूल जन्मलं आणि दिवे लागायच्या आत गेलं. ह्यांना बोलवायला निरोप धाडला होता. हे आले नाहीत. निरोप ऐकूनही हे खेळत राहिले, असं मी धरून चालले होते. ते खरं की खोटं, एवढंच मला कळायला हवं होतं.

का नाही विचारलं म्हणाल, तर सुरुवातीला विचारायची सोय नव्हती. बाळंतिणीच्या खोलीत दहा दिवस पुरुष येत नाही. हे दाराशी आले, "बरी हायस ना?" म्हणाले, मी भिंतीकडे तोंड केलं. सासूनं, नीराबाईनं, मला सांगितलेलंच होतं, की ह्यांचा चुलतभाऊ मोरू थळला जाऊन निरोप देऊन आलाय, पण येसा डाव सोडून आला नाही. वर म्हणाली, "सोयरात देवीच्या मातीत उतरला. मंग पोर कसं राह्यल?" मूल जन्मलं की घरच्या माणसाला सोयर लागतं, देवाधर्माला शिवायचं नसतं, हे पोरीबाळींनाही ठाऊक. म्हणजे ह्यांनी निशाणापायी देवीलाही फसवलं आणि मलाही. त्यावर गावानं ठरवलं, की मूल मेलेलंच जन्मलं असं बोलायचं, म्हणजे सोयराचा प्रश्न नाही आणि थळवाले निशाण परत मागायचे नाहीत. मला आणि सासूलाही तोंड मिटून राहायला सांगितलं. पुढे एकदा पाहुण्यानं मुलाबाळांचं विचारलं, तेव्हा हे माझ्यासमोर म्हणाले, "एक झालं व्हतं, मेलेलंच आलं." डोळ्याला डोळा न देता म्हणाले. त्या दिवसापासून माझं विचारायचं संपलं.

पुन्हा दिवस गेले नाहीत. नीराबाईनं दुसरी बायको करायचा लकडा लावला, ह्यांनी केली नाही. लोक म्हणाले, देवमाणूस. मी म्हटलं, मनाला खातंय, दुसरं काय! रडू मला पहिल्याच पावसाळ्यात संपलं. रागही म्हणाल तर गरम उरला नव्हता. वाढून विसरलेल्या भातासारखा गार आणि घट्ट झाला होता. ह्यांचं जेवण वाढत होते, अंगाला तेल लावून देत होते, खेळून आले की गुडघा शेकत होते. हात आपलं काम करायचे, मी तिथे नसायची.

किहीमला माझी थोरली बहीण कोकिळा विधवा होऊन एकटी राहते. नारळाची लहानशी वाडी आहे, पाणी शिंपायला दुसरा हात नाही. "माझ्याकडे ये, दोघी राहू," असं ती दोन वर्षं म्हणत होती. यंदा मी मनाशी हो म्हटलं. गावानं ह्यांचा सत्कार ठरवला होता, फेटा बांधायचा, नारळ द्यायचा आणि बायकोनं ओवाळायचं. तेवढं ओवाळणं उरकायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किहीमची वाट धरायची. दोन लुगडी, आईचा तांब्या, बस्स. ह्यांना सांगितलं नव्हतं. सांगून तरी काय, सुपारी कातरतच ऐकलं असतं.

सत्कार चैत्री पुनवेच्या आदल्या दिवशी, आमच्याच अंगणात झाला. झावळ्यांचा मांडव घातला होता. दुपारी उन्हं जरा कलली तशी माणसं जमायला लागली. गावचा म्होरक्या बुधाजी पाटील मधोमध चटईवर बसला. थळहून धर्मा आला. हा कोळी गडी, ह्यांच्याविरुद्ध दहा-बारा वर्षं खेळलेला. येताना सुरमई घेऊन आला, आणि ती माझ्या हातात न देता ह्यांच्या हातात दिली. हे ती धरून तसेच बसले, शेवटी मीच घेतली. आणि मोरूभावजी. हे ह्यांचे चुलतभाऊ, शेजारीच घर. येसादाचं त्यांच्याइतकं वेड कुणाला नाही. खेळ त्यांना जमला नाही, पण ह्यांचा प्रत्येक डाव तोंडपाठ. मांडव त्यांनीच घातला आणि सकाळपासून जो दिसेल त्याला, "झावळी म्या आनली," असं सांगत होते.

मग आठवणी सुरू झाल्या. एका म्हातारीनं सांगितलं, की तिला डोळ्यांनी दिसत नाही, पण खाडीपलीकडून येसाजीचा "हुतुतूतू" आला की ती ओळखायची, इतरांचा कसा डासागत आणि ह्याचा भोवऱ्यागत. पेणच्या एका माणसानं सांगितलं, की चढाईला जायच्या आधी येसाजी उजव्या अंगठ्यानं मातीत एक लहानशी रेघ ओढायचा, आणि आता पेणची सगळी पोरं रेघ ओढतात. दम मात्र कुणाला नाही. लोक हसले. कुणी म्हणालं, नियमांचं पुस्तक छापलंय म्हणे, आता घड्याळ लावून खेळायचं. बुधाजी म्हणाला, "येसाच्या दमापुढं घड्याळ बंद पडंल." पुन्हा हशा. हे ओटीवर मान खाली घालून सुपारी कातरत होते. चापून विंचरलेल्या केसांत पांढरं दिसत होतं.

मी आतबाहेर करत होते. कपबश्या चारच, त्यामुळे विसळायच्या, भरायच्या, द्यायच्या. खरं सांगायचं तर ती सगळी प्रेमानं बोलत होती, खोटं कुणी बोलत नव्हतं. ऐकताना मलाही कुठेतरी वाटायला हवं होतं, की हा माझा नवरा. वाटलं नाही. दुसऱ्या गावच्या कुणाची तरी गोष्ट चालली आहे, असं वाटत राहिलं.

धर्मानं डाव्या हाताचं बोट वर केलं. करंगळी मधूनच वाकडी, बाहेर गेलेली. "ही बगा. चोवीस साली याचा घोटा धरला व्हता. यानं झटका दिलान, बोट गेलं. वैदू बसवायला आला तर बोल्लो, र्‍हाऊ दे. येसाची निशानी हाय. माझी बायको बोलते, जाळं विणताना हे बोट मधी येतं. येऊ दे की!"

सगळे हसले. धर्मा हसला नाही.

"पन खरी गोष्ट दुसरीच हाय," तो म्हणाला. "आमच्या थळच्या पोरांना मी दमाची गोष्ट सांगत न्हाय. दम काय, बैलालाबी असतो. एकदा काय झालं, आमच्या गड्याची बोटं याच्या पाठीला लागली. नुसती लागली. पंचानं बगितलं न्हाय, लोकांनी बगितलं न्हाय. माझ्या गड्यालाबी खातरी न्हवती. हा उभा र्‍हायला, बोलला, 'लागला', आनि आपल्या पायानं रेघंबाहेर जाऊन बसला. तो डाव हे हरले. मी तवा घरी जाऊन आईला सांगितलं, आज एक मानूस बगितला."

बुधाजीनं मान हलवली. मी चहाचं भांडं हातात घेऊन दाराशी उभी होते आणि मनात म्हटलं, असेल बाबा, रेघेबाहेर जाऊन बसणारा असेल. मला वेगळा मिळाला.

हे कौतुक मोरूभावजींना सोसलं नसावं. थळच्या कोळ्यानं येऊन सगळ्यांत मोठी आठवण सांगून जायची आणि चुलतभावानं ऐकत राहायचं, म्हणजे काय! थोडी ताडीही पोटात होती. ते गुडघ्यावर उठले.

"धर्मा, तुज्या गावात बावीस साली निशान आमी कसं मारलं, ते ठाऊक हाय का तुला?"

"ठाऊक नसाया काय झालं? मीच व्हतो ना समोर! याच्या शेवटच्या चढाईत पाच गडी मेले."

"ते सगल्यांनी बगितलं. मी काय केलं ते कुनी बगितलं न्हाय."

बुधाजी पाटलानं खाकरलं. "मोरू, बस खाली. फेटा बांधाचा हाय."

"बांधू की! ऐका तरी. त्या दिवशी मी मिठागरावर. पुनवेच्या उधानाचं पानी आगरात घ्याचं, माजी पाळी. सगला गाव थलला आनि मी उघाडीवर, पान्याच्या दाराशी, माश्या मारीत. तेवढ्यात काकी आली. नीराकाकी. बोलली, येसाच्या बायकोला पोर झालं, पल थलला, येसाला सांग. मना काय, देवच पावला! उघाडीवर दुसऱ्याला बसवला आनि पललो. सूर्य डोक्यावर यायच्या आत थलला. बगतो तर पहिला डाव आपन हरलेलो, आनि येसादा कडंला बसून तोंडावर पानी मारतोय."

भांड्यातला चहा गरम होता, माझ्या बोटांना लागत होता, पण मी भांडं खाली ठेवलं नाही.

"जवल गेलो," मोरूभावजी म्हणाले. "तोंड उघडलं. आनि ध्यानात आलं. अरे, सोयर! पोर झालं असं ह्याला बोल्लो की ह्याला सोयर लागनार. मैदान देवीचं, निशान देवीचं. आनि धर्मा, तू आता सांगितलंस तसा हा मानूस. पंचानं न बगितलेलाबी बाहेर जाऊन बसनारा! माज्या तोंडून शबूद निघाला की हा आपल्या पायानं उठून जानार. मंग कसलं निशान? पन सोयर काय, सुतक काय, कानावर पडल्यापासनं लागतं. ऐकलंच न्हाय त्याला कसलं सोयर? मी तोंड मिटलं. येसादानं इचारलं, 'मोऱ्या, घरी बरं हाय ना?' मी बोल्लो, 'सगला बरा हाय, तू खेल.' आनि कुंपनाच्या दगडावर जाऊन बसलो, निरोप गिळून. दोन डाव गिळून बसलो! घरी गेल्यावर काकीला बोल्लो, निरोप दिला. काय करनार, म्हातारीनं जोडा हानला असता. आता सांगा, निशान येसादाचं का माजं?"

हशा पिकला. पेणचा माणूस तर मांडीवर थाप मारून हसला. धर्माही म्हणाला, "म्हंजे आमाला फसवलाव की रं!" आणि हसला. गंमत होतीच ती, ज्याला पुढचं ठाऊक नाही त्याला.

मला वाटत आलं होतं, की खरं कधी कळलंच तर मी धाय मोकलून रडेन, नाहीतर कुणाच्या तरी अंगावर धावून जाईन. प्रत्यक्षात मनात एवढंच आलं, की आत चुलीवर दूध ठेवलंय, ते उतू जाईल. ह्यांना माहीत नव्हतं. मी ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. ह्यांना माहीत नव्हतं. दूध उतू गेल्याचा वास आला आणि मी हलले नाही.

ह्यांनी अडकित्ता खाली ठेवला. हसणं अजून चालू होतं.

"मोऱ्या," हे म्हणाले, "आई काय बोलली व्हती? सगला निरोप सांग."

"सांगितला की. पोर झालं..."

"सगला."

मोरूभावजींनी बुधाजीकडे पाहिलं. बुधाजी चटईची काडी उपसत होता. मोरूभावजींचा आवाज उतरला. त्यांनाही तो निरोप सबंध आठवला असावा, कदाचित बारा वर्षांत पहिल्यांदाच. कौतुकाच्या भरात त्यांनी अर्धाच जपून ठेवला होता.

"बोलली," ते म्हणाले, "पोर झालं. पोराचं काय खरं न्हाय, श्वास धरीत न्हाय. येसाला हाय तसा घेऊन ये."

पेणच्या माणसानं मांडीवरचा हात काढून घेतला.

"मना वेशीवर पाटील भेटला," हे म्हणाले. सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत. "वाजतगाजत येत व्हतो. पाटील बोलला, येसा, पोर मेलेलंच आलं. सोयर न्हाय. आनि बायकोपुढं त्याचं नाव काढू नको, ती येडी व्हईल. मी बारा वर्सं काढलं न्हाय."

"गावासाठी केलं," बुधाजी खाली बघत म्हणाला. "तुज्यासाठीबी केलं. तू खेलत व्हतास आनि पोर तडफडत व्हतं, हे तुला सांगून काय मिळालं असतं?"

हे त्याच्याकडे न बघता माझ्याकडे वळले. चारचौघांत नवऱ्यानं बायकोला असं काही विचारायचं नसतं. आमच्यात घरातही विचारत नाहीत.

"अगो, जिवंत व्हतं?"

मी मान डोलावली.

"किती वेळ?"

"सूर्य वर आला तवा झाला. दिवे लागाच्या आधी गेला."

ह्यांनी हिशेब केला असणार, मीही केला. दुपारी उठून निघाले असते तरी उन्हं तिरपी व्हायच्या आत घरी. दोन-तीन तास मिळाले असते. मूल राहिलं नसतंच. सुईण पहिल्या घटकेलाच म्हणाली होती, की बापाचा दम दहा गावांत गाजतोय आणि पोराच्या छातीत काहीच नाही. पण ह्यांनी ते हातात घेतलं असतं. मी एकटी नसते.

बुधाजीनं खूण केली तशी दोघंजण फेट्याचं कापड घेऊन पुढे आले, म्हणजे विषय तरी बदलेल. एकाच्या हातात देवळातून आणलेला नारळ होता. ह्यांनी हात मागे घेतले.

"शिवू नका मना," हे म्हणाले. "देवीचा नारळ हाय. मना सुतक हाय."

"येसा, येड्यासारखं करू नकोस," बुधाजी म्हणाला. "बारा वर्सं झाली. आनि बारसंबी न झालेल्या पोराचं सुतक कुनी धरीत न्हाय."

"मोऱ्या आता काय बोलला? कानावर पडल्यापासनं लागतं. माज्या कानावर आज पडलं."

"कसलं रे सुतक, नाव न्हाय, गाव न्हाय..."

"तुमचं नसंल, पाटील. माजं हाय." हे ओटीवरून खाली उतरले, पायरीपाशी मातीत बसले. "आनि तुमी निशानाचा घोर लावून घेऊ नका. धर्मा, उद्या देवळातनं निशान घेऊन जा. ते तुमचं हाय. मना लागला व्हता."

धर्मानं आपली वाकडी करंगळी दुसऱ्या हातात धरली होती. मग तो उठला, जवळ आला, ह्यांना न शिवता हात जोडले आणि निघून गेला. त्याच्या मागोमाग बाकीचे उठले. सुतकाच्या घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत, म्हणून कुणीच काही म्हणालं नाही. इतक्या माणसांचं अंगण इतक्या गुपचूप रिकामं झालेलं मी पाहिलं नव्हतं. मोरूभावजी शेवटपर्यंत उभे होते. "वैनी," म्हणाले, "मी... मना वाटलं, चांगली बातमी हाय, सांजंला सांगू." तेही गेले. त्यांच्यावरचा राग मी कधी साठवलाच नव्हता, आता एकदम कुठून आणू?

सुतक एकट्यानं धरता येत नाही. नवऱ्याला असलं तर बायकोलाही असतं, आणि सुतकातल्या बाईनं दुसऱ्याच्या दारात जायचं नसतं. कोकिळेला निरोप धाडावा लागणार होता, की येत नाही. यंदा नाही की कधीच नाही, ते मलाही ठाऊक नव्हतं. आत जाऊन मी चूल विझवली. ओवाळायचं तबक जागेवर ठेवलं. बाहेर येऊन पायरीवर बसले, ह्यांच्यापासून हातभर अंतरावर. उन्हं अजून होती.

"पोरगा?" ह्यांनी विचारलं.

"पोरगा."

"दूध पिला?"

"न्हाय. तोंडात धराचा आनि सोडाचा. दम लागाचा त्याला."

"रडला?"

"एकदाच. सुईनीनं पाठीवर मारलं तवा."

"कुठं ठेवलाव?"

"बांधाच्या आतल्या अंगाला. भेंडीच्या मोठ्या झाडाखाली."

मिठागराची वाट त्याच बांधावरून जाते. दुपारी हे कधी कधी त्याच भेंडीच्या सावलीत भाकरी खात असत, मी पाहिलेलं होतं. तेव्हा मला वाटे, कसला निगरगट्ट माणूस आहे! ह्यांना तेच आठवलं असावं. दोन्ही तळवे मांडीवर पुसत राहिले, पुसत राहिले.

बारा वर्षांत त्या मुलाबद्दल मला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. उत्तरं आपोआप येत होती, जणू बाजारातून काय काय आणलं ते सांगत होते. आता ह्यांच्याबद्दल काय वाटायला हवं, ते शोधत होते आणि सापडत नव्हतं. शेजारी एक थकलेला माणूस बसला होता, आणि त्यानं मला कधी फसवलं नव्हतं.

"दिसाला कसा व्हता?" ह्यांनी विचारलं.

मी डोळे मिटले. त्या दिवसाचं सगळं जागच्या जागी होतं. सासूचा शब्द न् शब्द होता. वेशीवरून वाजत येणारे ढोल होते, माझ्या खोलीवरून मिरवत गेलेल्या निशाणाचा लाल रंग होता, दाराशी उभ्या असलेल्या ह्यांच्या पायांवरची थळची माती होती. भिंतीचा पोपडा होता, तो मोजूनसुद्धा सांगितला असता. रागाला लागेल ते सगळं मी बारा वर्षं रोज काढून पुसून ठेवलं होतं. चेहरा मात्र नव्हता. मी पुन्हा पुन्हा तिथे गेले, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात होतं, फडकं दिसत होतं, आणि वर, जिथे तोंड असतं, तिथे काही नव्हतं. तो चेहरा पाहिलेली मी एकटीच उरले होते. सुईण गेली, सासू गेली. मीही हरवून बसले, म्हणजे आता तो कुठेच नव्हता.

हे वाट बघत होते.

"तुमच्यावानी," मी म्हटलं.

ह्यांनी हात उचलला, आपल्याच गालावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मग मोठ्या कष्टानं श्वास घेऊन, विचारलं, "नाकबी?"

"नाकबी," मी म्हटलं.